प्राण्यांच्या आवाजावर मशीन लर्निंग: विद्यापीठातली ही नोकरी घ्यावी का?

चोपड्याच्या एका भावाने विचारलंय की जळगावच्या विद्यापीठातून कॉम्प्युटरमधे एमएस्सी झालंय, सध्या पुण्यात कंपनीत डेटाचं काम करतोय, आता एका विद्यापीठात प्राण्यांच्या आवाजांवर मशीन लर्निंग वापरायच्या प्रोजेक्टमधे जागा निघालीय, तर तिथे रोज नेमकं काय करायचं असतं, पगार कमी असला तरी जावं का, आणि घरचे म्हणतात कोल्ह्या-लांडग्यांचं ऐकून पोट भरतं का, त्यांना काय सांगू. मी शिरपूरची, बरीच वर्षं याच कामात आहे, झाडावर चढून रेकॉर्डर बांधण्यापासून मॉडेल ट्रेन करण्यापर्यंत सगळं केलंय, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी डोक्यातून एक गोष्ट काढ. बातम्यांमधे येतं ना की आता एआय प्राण्यांशी बोलणार, देवमाशांची भाषा उलगडली वगैरे, तसलं काही तुला करायचं नाहीये आणि अजून कोणीच केलेलं नाहीये. 2024 मधे स्पर्म व्हेलवरचा पेपर आला, कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटाजवळचे जवळपास नऊ हजार कोडा, म्हणजे त्यांच्या टकटक आवाजांचे छोटे छोटे गट, घेऊन त्यांनी दाखवलं की त्यात लय, वेग, मधेच थोडं लांबवणं, शेवटी एखादी जादा टकटक असे वेगवेगळे भाग असतात आणि ते एकमेकांत मिसळून वापरले जातात. भारी काम आहे, वादच नाही. पण त्यातल्या एकाही कोड्याचा अर्थ त्यात नाही. रचना सापडली, अर्थ नाही, आणि या दोन्हीच्या मधे जी दरी आहे ना, तुझी नोकरी त्या दरीतच असणार आहे.

आता हत्तींचं बघ, तेही 2024 चंच, केनियातलं. हत्तिणी एकमेकींना हाक मारताना विशिष्ट हत्तीसाठी विशिष्ट आवाज काढतात का, म्हणजे नावासारखं काही आहे का, हा प्रश्न. 469 हाका, हाक मारणारे 101 हत्ती, ज्यांना हाक मारली असे 117. मॉडेल कुठलं? रँडम फॉरेस्ट, जुनी साधी पद्धत. तेच जे तू दुसऱ्या सेमिस्टरला शिकलास. आणि हाक कोणाला होती हे मॉडेलने बरोबर ओळखलं साडेसत्तावीस टक्के वेळा, नुसत्या अंदाजाने आठेक टक्के आलं असतं. कंपनीत तू साडेसत्तावीस टक्क्यांचं मॉडेल दाखवलंस तर मॅनेजर मीटिंगमधून उठून जाईल, पण इथे तेवढ्यावर नेचरच्या इकॉलॉजीवाल्या जर्नलमधे पेपर झाला, कारण प्रश्न चांगला होता आणि पुढे त्यांनी 17 हत्तींना स्पीकरवर त्या हाका ऐकवून बघितल्या, स्वतःसाठीची हाक ऐकली की हत्ती जास्त लवकर स्पीकरकडे येतात आणि उत्तर देतात हे दिसलं. आणि हे शक्य कशामुळे झालं तर रेकॉर्डिंग 1986 पासूनचं होतं आणि केनियातल्या अँबोसेली अभयारण्यात 1972 पासून माणसं बसून प्रत्येक हत्ती ओळखतायत, कोण कोणाची आई, कोण कोणाशेजारी उभी होती, हाक मारल्यावर कोण वळून आली, सगळं लिहून ठेवलेलं.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे खरं तर. या क्षेत्रात मॉडेल ही सगळ्यात स्वस्त वस्तू आहे, महाग आहे ती शेजारची नोंद. कोणी आवाज काढला, कोणासाठी, आणि पुढच्या मिनिटाला काय झालं. बैलबाजारात रुमालाखाली हात घालून सौदा चालतो बघ, तुला लांबून रुमाल हलताना दिसतो पण भाव कळत नाही, तसंच नुसतं रेकॉर्डिंग असतं. कितीही मोठं न्यूरल नेटवर्क लावलं तरी ते रुमालाचंच वर्णन करणार. तेल अवीवच्या लोकांनी 2016 मधे फळं खाणाऱ्या वटवाघळांच्या साधारण पंधरा हजार आवाजांवर काम केलं, तिथेही खरी मेहनत व्हिडिओ बघून कोण कोणावर ओरडतंय, खाण्यावरून की झोपायच्या जागेवरून, हे एकेक करून लिहिण्यात गेली.

म्हणून रोजचं काम काय असतं तर बहुतेक दिवस ऐकणं आणि खुणा करणं. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, उघडायचा, आडवा वेळ उभी फ्रिक्वेन्सी, आवाज दिसला की चौकट काढायची, नाव द्यायचं. रेव्हन नावाचं कॉर्नेलचं सॉफ्टवेअर आहे, नाहीतर साधं ऑडॅसिटी. कंटाळवाणं आहे, मान दुखते, पण या कामातून जो सुटतो त्याला पुढे मॉडेल कुठे चुकतंय हे कधीच कळत नाही, माझं ठाम मत आहे. तू डेटावाला म्हणून लेबलिंग दुसऱ्यांवर ढकलशील तर नुकसान तुझंच.

डेटा किती असतो त्याचा हिशोब करून दाखवते. 48 किलोहर्ट्झ (सेकंदाला 48 हजार नमुने), 16 बिट, मोनो, एक रेकॉर्डर चोवीस तास चालला की साधारण 8.3 जीबी. वीस रेकॉर्डर महिनाभर म्हणजे पाच टीबीच्या आसपास. आता तीन-तीन सेकंदांचे तुकडे केले, पक्ष्यांचे आवाज ओळखणारं बर्डनेट नावाचं तयार मॉडेल तसेच करतं, तर एका रेकॉर्डरचे दिवसाला 28,800 तुकडे. समज तुझं मॉडेल शंभरात एकदाच चुकून हो म्हणतं, ऐकायला किती छान, पण म्हणजे रोज 288 खोटे इशारे. आणि तुझा प्राणी दिवसाला वीस तुकड्यांतच ओरडला असेल तर तुला मिळालेल्या तीनशे "सापडला"पैकी खरे वीस. ॲक्युरसी 99 टक्के आणि उपयोग शून्य. मुलाखतीत कोणी ॲक्युरसी विचारली तर हा हिशोब मांड, समोरचा जाणकार असेल तर खूश होईल. आणि बर्डनेट जो कॉन्फिडन्सचा आकडा देतं ती शक्यता नसते, 0.8 म्हणजे 80 टक्के खात्री असं नाही, प्रत्येक जातीसाठी आपल्या भागातले तुकडे ऐकून कुठल्या आकड्यावर किती खरे निघतात ते बघावंच लागतं.

आता आपल्याकडची गंमत. आपल्या तापीकाठी केळीच्या बागांतून कोल्हे किती ओरडतात तुला माहितीच आहे. समज तू कोल्हेकुईचं मॉडेल बनवलंस. शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा काही दिवस रात्री असते, रात्री लाईट आली की मोटारी चालू, मोटारीचा 50 आणि 100 हर्ट्झचा घुंघुं आवाज सगळ्या रेकॉर्डिंगमधे. योगायोगाने तुझी कोल्ह्यांची बरीच रेकॉर्डिंग त्याच रात्रींची असली की मॉडेल कोल्हा न शिकता मोटार शिकतं. हसू नकोस, असे निकाल मी लोकांना प्रेझेंटेशनमधे अभिमानाने दाखवताना पाहिलेत. त्याचंच भावंड म्हणजे लीकेज, टेस्टमधलं आधीच ट्रेनिंगमधे गळणं. एकाच रात्रीच्या फाईलचे तुकडे करून रँडम स्प्लिट केलं की तोच कोल्हा, तेच रातकिडे, तोच वारा ट्रेनिंगमधेही आणि टेस्टमधेही. 96 टक्के येतं, मग दुसऱ्या गावाला मॉडेल नेलं की निम्म्यावर. त्यामुळे स्प्लिट नेहमी जागेने, तारखेने किंवा प्राण्याने करायचं, एका प्राण्याचे सगळे आवाज एकाच बाजूला. कंपनीत तू ग्राहकाप्रमाणे स्प्लिट केलं असशील कधी, तेच.

आणखी एक, जी कॉम्प्युटरवाल्यांना हटकून माहीत नसते. माणसाच्या बोलण्यावर शिकवलेली बरीच मॉडेलं 16 किलोहर्ट्झवर चालतात, आणि नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतचीच फ्रिक्वेन्सी पकडता येते, म्हणजे 8 किलोहर्ट्झच्या वरचं त्यांना ऐकूच येत नाही. वटवाघूळ गेलं, बरेचसे किडे गेले, काही पक्ष्यांचे बारीक आवाज गेले. मॉडेलला सहसा देतात तो मेल स्पेक्ट्रोग्राम पण माणसाच्या कानाला धरून आखलेला आहे, प्राण्याचा कान तसा असेलच असं नाही. हत्ती तर आपल्या 20 हर्ट्झच्याही खाली बोलतात, 1984 मधे केटी पेन या संशोधिकेला पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हवेतली थरथर जाणवली तेव्हा कुठे लोकांनी तिकडे लक्ष दिलं. मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं तर विचारूच नको, फोन स्वतःच पार्श्वभूमीचा आवाज दाबतो आणि नेमका प्राणीच पार्श्वभूमीत असतो. व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप गंमत म्हणून ऐक, डेटात घालू नको.

सुरुवात शून्यातून करायची गरज नाही हे मात्र चांगलं झालंय आता. बर्डनेट सहा हजारांहून जास्त जाती ओळखतं, गूगलचं तसलंच पर्च आहे, त्यांचे एम्बेडिंग, म्हणजे प्रत्येक तुकड्याचं आकड्यांतलं वर्णन, काढायचे आणि वर एक साधा लिनियर क्लासिफायर, थोड्या उदाहरणांवर सुद्धा चांगलं चालतं, पक्षी नसलेल्या प्राण्यांवरही. भारी जीपीयू नसला तरी भागतं. झेनो कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या वेबसाईटवर 2005 पासून लोकांनी टाकलेली रेकॉर्डिंग फुकट आहेत, पण प्रत्येकाचं लायसन्स वाचून घे.

फील्डवर जायला मिळालं तर सोडू नको, आणि इथे आपल्या भागातला असण्याचा तुला फायदा आहे. तुझ्या चोपड्याच्या वरच सातपुडा, तिकडे यावल अभयारण्य, पलीकडे शहादा-तोरणमाळ. रानपिंगळा ही छोट्या घुबडाची जात 1873 मधे जगासमोर आली, 1884 नंतर 113 वर्षं कोणाला खात्रीने दिसली नाही, नामशेष झाली असं धरून चालले होते, आणि नोव्हेंबर 1997 मधे परत सापडली ती शहाद्याजवळच. मधल्या काळातली एक नोंद होती ती तर मेनर्टझागेन नावाच्या इंग्रजाने म्युझियममधून जुना नमुना चोरून नवीन लेबल लावल्याचं निघालं, म्हणजे चुकीचं लेबल लोकांना किती वर्षं चुकीच्या जागी शोधायला लावतं बघ. तर रानपिंगळा घुबड असून दिवसाढवळ्या वावरतो. एखाद्याने घुबड म्हटलं की रात्री आठ ते पहाटे पाच असं रेकॉर्डरचं टाईमटेबल लावून दिलं तर संपलंच, मग नंतर कितीही हुशार मॉडेल आण. प्राण्याची सवय माहीत असणं हे कोडच्या आधी येतं ते असं.

तसंच सागाचं. सातपुड्यातला साग उन्हाळ्यात पानं टाकतो, जंगल उघडं पडतं, आवाज लांबून येतो. पावसाळ्यात तीच जागा पानांनी गच्च, वर रुंद पानांवर पावसाचा तडतड आवाज, रेकॉर्डरला जवळचंच ऐकू येतं. मग तू मे आणि ऑगस्टचे आकडे शेजारी ठेवून म्हणशील की पावसाळ्यात प्राणी कमी बोलतो, आणि कोणीतरी वनमजूर म्हणेल, साहेब तुमचं यंत्र बहिरं झालंय. मे महिन्यात जळगाव-भुसावळला 45 च्या वर जातं तेव्हा डब्यातल्या बॅटरीचं काय होतं ते बघायलाच नको, खोडाच्या सावलीच्या बाजूला बांध, उन्हात नको.

माणसांचंही सांगते. आपल्या पावरा, भिल्ल, तडवी भागात जंगलात गुरं चारणाऱ्या माणसाला वानर कशासाठी खाकरलं, बिबट्यासाठी की कुत्र्यासाठी, याचा अंदाज असतो. त्याला विचारायचं, "राती काय वरडी राह्यनं व्हतं मामा?" आणि तो सांगेल ते लिहून घ्यायचं. ते अंतिम सत्य नाही, पण त्यातून तपासून बघण्यासारखा प्रश्न मिळतो, जो लॅबमधे बसून सुचत नाही. धुळे-साक्रीच्या माळावर ठेलारी मेंढपाळ लांडग्यांबद्दल असंच सांगतात. महाराष्ट्रातल्या लांडग्यांच्या आवाजांवर 2019 मधे चांगलं काम झालंय, ओरडण्याचे चार प्रकार वेगळे काढले, आणि 2021 मधे नुसत्या लांब सुरातल्या ओरडण्यावरून लांडगा कोणता हे ओळखता येतं का तेही तपासलं. त्यामुळे आपल्याकडे काही होत नाही असं समजू नको. पण त्या माणसांना रोजंदारी वेळेवर द्यायची आणि पेपरमधे नाव घालायचं, हे प्रोजेक्टच्या बजेटमधे आहे का तेही बघ.

रेकॉर्डर माणसांचंही ऐकतो हे विसरू नको. मार्च-एप्रिलमधे पहाटे मोह वेचायला बाया येतात, घरच्या गोष्टी बोलतात, ते सगळं तुझ्या कार्डात. गावात आधी सांगून रेकॉर्डर लावायचे आणि माणसाच्या आवाजाचे तुकडे आधीच काढून टाकायचे, याची सोय असते. आणि अभयारण्यात काम म्हणजे वन्यजीव कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी, प्लेबॅक, म्हणजे प्राण्याला स्पीकरवर आवाज ऐकवणं, करायचा असेल तर तेही अर्जात स्पष्ट लिहिलेलं. विणीच्या हंगामात उगाच स्पीकर लावून पक्ष्याला छळायचं नाही. रानपिंगळ्याची अचूक जागा कुठे टाकायची नाही, फोटोवाले पोचतात.

प्लेबॅक म्हणजे काय तर सगळ्याची परीक्षा. मॉडेल म्हणतं हे दोन आवाज वेगळे आहेत, ठीक, पण प्राण्याला ते वेगळे वाटतात का? 1980 मधे केनियातल्या व्हर्व्हेट माकडांना बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठीचे इशारे स्पीकरवर ऐकवले, समोर शत्रू नसताना, तर बिबट्याच्या इशाऱ्याला झाडावर पळाली, गरुडाच्या इशाऱ्याला वर बघितलं, सापाच्या इशाऱ्याला खाली गवतात. एकही न्यूरल नेटवर्क नव्हतं तेव्हा. ज्या प्रोजेक्टमधे प्लेबॅक किंवा निदान वागणुकीचं निरीक्षण नाही तिथे तुझं काम क्लस्टरच्या (सारख्या आवाजांच्या गटांच्या) रंगीत चित्रांवर थांबणार, पेपर होईल, पण प्राण्याबद्दल काही कळणार नाही. आणि एकच रेकॉर्डिंग वीस प्राण्यांना ऐकवणं म्हणजे वीस प्रयोग नव्हेत, कदाचित त्या एका रेकॉर्डिंगमधेच काहीतरी विचित्र असेल, वेगवेगळी रेकॉर्डिंग लागतात.

पैशाचं. जेआरएफचे (सरकारी संशोधन फेलोशिपचे) नियम लागू असतील तर 2023 पासून महिना 37,000, दोन वर्षांनी एसआरएफ 42,000, वर शहराप्रमाणे घरभाडं. नेट किंवा गेट नसेल तर बऱ्याच जागांवर यापेक्षा कमी. करार वर्षाचा असतो, अनुदानाचा हप्ता लांबला की पगारही लांबतो, हे होतंच, त्यामुळे सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय राजीनामा देऊ नको. घरावर कर्ज असेल, हप्ते तुझ्याच पगारातून जात असतील तर सध्या जाऊ नको असंच सांगेन, शनिवार-रविवार यावर काम कर, दोन वर्षांनी बघू. घरच्यांना सांगायचं असेल तर सांग की ऑडिओवरचं हेच काम कारखान्यात मशीन बिघडण्याआधी आवाजावरून ओळखायला, खोकल्याच्या आवाजावर, कानाच्या यंत्रात सगळीकडे लागतं. आपल्याकडे बंगळुरूच्या आयआयएससीमधे रातकिड्यांच्या आवाजावर वर्षानुवर्षं काम चाललंय, तिथलीच जीवशास्त्राची संस्था एनसीबीएस आहे, डेहराडूनला वन्यजीव संस्था, तिरुपतीचं आयसर, पीएचडीला जागा निघतात. भरपूर नाहीत, पण तुझ्यासारखे कोड येणारे आणि उन्हात फिरायला तयार असणारेही भरपूर नाहीत.

अर्जाबरोबर काहीतरी करून पाठव. दिवाळीला घरी येशील तेव्हा एक ऑडिओमॉथ (झाडाला बांधायचा छोटा रेकॉर्डर) उसना मिळाला तर उत्तम, नाहीतर साधा हातातला रेकॉर्डर चालेल, शेतात किंवा हतनूर धरणाच्या काठावर पहाटेचं रेकॉर्डिंग कर, शेजारी वहीत वेळ घालून लिही काय दिसलं, मग बर्डनेट चालवून कुठे चुकलं आणि का चुकलं याची दोन पानं. कॅगल या डेटावाल्यांच्या वेबसाईटच्या दहा सर्टिफिकेटपेक्षा मी ती दोन पानं आधी वाचेन.

आणि मुलाखतीत त्यांनी प्रश्न विचारून झाले की तू विचार: लेबल कोण करणार आणि दोन माणसांनी वेगवेगळं लेबल केलं तर जुळतं का ते तपासलंय का, प्राणी एकेक ओळखता येतात का की नुसता कळप, वागणुकीची नोंद आहे का, टीममधे प्राणीशास्त्राचं माणूस पूर्णवेळ आहे की नावापुरतं, वनविभागाची परवानगी आलीय की "येईल", आणि पेपरवर तुझं नाव कुठे. "डेटा भरपूर आहे, तू फक्त मॉडेल लाव" असं उत्तर आलं तर पुण्यातली नोकरी सोडू नको. उलट कोणी म्हटलं की पहिले सहा महिने तू आमच्याबरोबर फक्त ऐकायचंस, तर नोटीस पिरियड किती आहे ते बघून घे.